डब्यांतलं आधी, बाजारातलं नंतर

जयपूरच्या दक्षिणेला, टोंक रोडने सांगानेर ओलांडलं की राजस्थान आवासन मंडळाने वसवलेलं प्रताप नगर लागतं. नोकरीच्या बदल्या, सीतापुऱ्याची औद्योगिक वसाहत, मुलांच्या शिकवण्या, अशा कारणांनी इथे देशभरातली कुटुंबं येऊन राहतात. त्यांतल्या एखाद्या मराठी घराचं स्वयंपाकघर उघडून पाहिलं, तर वाणसामानाचे दोन थर दिसतात. एक गावाहून आणलेला: भाजणी, कुळथाचं पीठ, आमसुलं, गोडा मसाला, मेतकूट, सांडगे. दुसरा इथे आल्यावर हौसेने घेतलेला: मंगोडी, केर-सांगरी, बिकानेरी पापड, दाणा मेथी. शिवाय 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून नाचणी, राळे, वरी यांच्या पुड्याही पुष्कळ घरांत येऊन पडल्या आहेत. रोजची पोळी-भाजी या दोन्ही थरांना न शिवता पुढे जात राहते आणि डबे मागे सरकत जातात.

हे डबे उघडायला मे-जूनसारखा काळ नाही. जयपुरात या दिवसांत पारा चाळिशीपार असतो. पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते. दुधी, टिंडे, काकडी यांच्यापलीकडे फारसं काही आणावंसं वाटत नाही. जुलैत पाऊस आला की हवेत दमटपणा येतो आणि डब्यांतल्या किड्यांना जोर चढतो. म्हणजे भाजी कमी आणि साठवण धोक्यात, असे हे आठवडे. म्हणून आठवड्यातले दोन दिवस ठरवून बाजारातून भाजी आणायची नाही. त्या दिवशी घरात आहे त्यातूनच स्वयंपाक करायचा. ही काटकसर तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की वाळवणातून आणि कडधान्यातून पूर्ण जेवण उभं करणं ही एक वेगळी, फार जुनी पाककला आहे. राजस्थानने ती जिवापाड जपली आहे. आपल्याकडेही ती होती. प्रताप नगरात राहणाऱ्या मराठी घराला दोन्हींचा वारसा हाताशी आहे.

पहिलं काम: तीन ढीग

एका सुट्टीच्या सकाळी सगळे डबे ओट्यावर काढा आणि तीन ढीग करा. सरळ वापरता येईल ते पहिल्यात, निवडून-भाजून वापरता येईल ते दुसऱ्यात आणि टाकायचं ते तिसऱ्यात.

पीठ असेल तर चिमूटभर जिभेवर ठेवा. चांगलं बेसन किंचित गोडसर लागतं. जिभेवर कडवट चव रेंगाळली, तर ते खवट झालं आहे. शेंगदाण्याचा एक दाणा चावून पाहा. सुक्या खोबऱ्याचा तुकडा मोडून वास घ्या. साबणासारखा वास आला तर खोबरं गेलं. खवटपणा भाजल्याने जात नाही, तो मसाल्याच्या वासात लपतो एवढंच. म्हणून खवट पदार्थ ‘चटणीत खपवू’ असं म्हणू नका.

बुरशीच्या बाबतीत तर मुळीच तडजोड नको. काळे-हिरवे डाग पडलेले, सुरकुतलेले शेंगदाणे आणि बुरसटलेला मका थेट टाकून द्या. त्या बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर घाला घालतं आणि नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने नष्ट होत नाही. 1974 मध्ये याच राजस्थानात, बांसवाडा भागात आणि लगतच्या गुजरातेतल्या पंचमहाल भागात, पावसात भिजून बुरसटलेला मका खाल्ल्याने आदिवासी गावांत काविळीची साथ आली आणि शंभराहून अधिक माणसं दगावली. त्या घरांत दुसरं धान्य नव्हतं. आपल्यापुढे तशी वेळ नसताना मूठभर दाण्यांसाठी धोका पत्करू नये.

किड्यांचं वेगळं आहे. तांदळात टोके किंवा सोंडे झाले असतील, तर तांदूळ पाखडून, निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन वापरता येतात. मूग, मटकी, चवळीला भुंगा लागला असेल तर कडधान्य पाण्यात टाका. पोखरलेले दाणे वर तरंगतात, ते काढून टाका. निम्म्याहून अधिक दाणे वर आले, तर त्या डब्याचा नाद सोडा. पिठात किंवा रव्यात जाळी धरली असेल, कुबट वास येत असेल, तर चाळून काही उपयोग नाही. ते तिसऱ्या ढिगात.

पाकिटावरची तारीख वाचताना एक फरक लक्षात घ्या. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे तोवर चव आणि दर्जा उत्तम राहील, इतकंच. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ असेल, तर त्या तारखेनंतर पदार्थ खायचा नाही. सुक्या डाळीचं ‘बेस्ट बिफोर’ महिन्यापूर्वी संपलं असेल आणि डाळ स्वच्छ, बिनवासाची असेल, तर ती टाकण्याचं कारण नाही.

कशाची पाळी आधी

ज्यात तेल जास्त, ते आधी संपवा. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, जवस, कारळे हे पहिले. त्यानंतर पिठं, आणि पिठांतही बाजरीचं सगळ्यांत आधी, कारण बाजरीतल्या तेलामुळे तिचं पीठ उन्हाळ्यात काही दिवसांतच कडू होऊ लागतं. मग भाजणी, कुळीथ, बेसन, नाचणी. त्यामागून रवा, पोहे, शेवया, साबुदाणा, वरी. नंतर डाळी आणि अख्खी कडधान्यं. तांदूळ, गूळ, चिंच, आमसुलं शेवटी. कोरडी राहिली तर ती थांबू शकतात. हा क्रम कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. रोज संध्याकाळी ‘आज काय करू’ हा प्रश्न पडतो, तेव्हा त्या कागदावरचं पहिलं नाव उत्तर म्हणून घ्यायचं.

सुक्या जिन्नसाला हवं काय: आंबट आणि वेळ

ताज्या भाजीत पाणी असतं, स्वतःची चव असते. सुक्या जिन्नसात ती झोपलेली असते. ती जागी करायला दोन गोष्टी लागतात: भिजायला पुरेसा वेळ आणि एक नीट निवडलेला आंबटपणा. मारवाडी स्वयंपाकात तो दही, ताक, आमचूर किंवा काचरी या वाळवलेल्या आंबट रानफळातून येतो. कोकणात आमसूल घालतात, देशावर चिंच-गूळ. तुमच्या कपाटात आज यांतलं काही ना काही असेलच. एकदा हे ध्यानात आलं की पाककृती पाठ नसली तरी अडत नाही. सुका जिन्नस भिजवा, खमंग फोडणी करा, आंबट घाला, जेवण तयार.

शेजारच्या स्वयंपाकघरातून

राजस्थानातल्या घरांत पापड हा तोंडी लावण्यापुरता नसतो, त्याची भाजी होते. चौघांसाठी चार उडदाचे किंवा मुगाचे पापड भाजून त्यांचे मोठे तुकडे करून ठेवा. दीड वाटी दह्यात एक चमचा बेसन, हळद, तिखट, धणेपूड घालून गुठळ्या राहणार नाहीत असं घुसळा. तेलात जिरं आणि हिंगाची फोडणी करून आंच अगदी मंद करा आणि मगच दही ओता. आता पळी थांबवायची नाही. उकळी फुटेपर्यंत सतत ढवळत राहिलं तर दही फाटत नाही, बेसनही त्याला धरून ठेवतं. उकळीनंतर वाटीभर पाणी घालून पाच मिनिटं शिजू द्या. रस्सा पळीला चिकटू लागला की पापडाचे तुकडे सोडा, दोन मिनिटांनी गॅस बंद करा. मीठ अगदी शेवटी, चव घेऊन घाला, कारण पापडात मीठ आणि खार दोन्ही असतात. ही भाजी लगेच वाढा. वेळ गेला की पापड विरघळतात. पावसाळ्यापूर्वी तुटून-फुटून डब्याच्या तळाशी उरलेल्या पापडांना यासारखी सद्गती नाही.

मंगोडी म्हणजे मुगाच्या डाळीच्या वाळवलेल्या वड्या. विदर्भातल्या वाचकांना आपली मुगवडी आठवेल, इतरांना सांडगे. कृती तिन्हींना एकच. थोड्या तेलात वड्या लालसर परता आणि ओबडधोबड फोडा. कांदा-लसणाच्या फोडणीत बटाट्याच्या फोडी, हळद, तिखट, गरम पाणी घालून वड्या मऊ होईस्तोवर झाकून शिजवा. परतण्याची पायरी टाळू नका; न परतलेली वडी शिजून गोळा होते. जयपूरला बेसनाचे गट्टे करतात, नागपूरकडे पाटवडी रस्सा. दोन्हींत बेसन घट्ट शिजवून, कापून रश्श्यात सोडायचं असतं. उरलेल्या बेसनाला हे दोन्ही मार्ग मोकळे आहेत.

केर हे झुडपाचं फळ आणि सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी हा राजस्थानचा राज्यवृक्ष. दुष्काळातही ज्या झाडाने माणसाला आणि जनावराला जगवलं, त्याच्या शेंगा आपल्या कपाटात पडून राहाव्यात हे बरं नाही. दोन्ही स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवा, पाणी फेकून नव्या पाण्यात मऊ शिजवा आणि निथळा. बेताच्या तेलात जिरं, हिंग, सुकी लाल मिरची घालून मसाल्यांसह परता, शेवटी आमचूर. ही कोरडी भाजी रसभाज्यांपेक्षा अधिक टिकते, म्हणून ती प्रवासातही नेतात.

दाणा मेथीची भाजी आपल्याला अपरिचित, पण करून पाहण्याजोगी. मसाल्याच्या डब्यात मेथीदाणे वर्षभर पुरतात, तरी आपण पाव किलोची पुडी आणतो. अर्धी वाटी दाणे रात्रभर भिजवा, पाच मिनिटं उकळून पाणी फेका आणि हे पुन्हा एकदा करा. कडूपणा पुष्कळ उतरतो. मग फोडणीत घालून तिखट, धणेपूड, आमचूर, गूळ आणि मूठभर मनुका घाला. कडू, आंबट, गोड एकत्र येतात आणि दिवाळीच्या उरलेल्या मनुकाही मार्गी लागतात.

आपल्या डब्यांतून

मटकी जयपुरात ‘मोठ’ नावाने मिळते आणि देशातली बहुतांश मटकी राजस्थानातच पिकते. आपल्या मिसळीतली मटकी बहुधा इथूनच आलेली असते. म्हणून ती गावाहून आणू नका, इथे थोडी थोडी घ्या. जुनी मटकी मोड येण्यावरून ओळखता येते. भिजवून फडक्यात बांधल्यावर उन्हाळ्यात एका दिवसात मोड यायला हवेत. न आले तर दाणा जुना आहे. तो मोडाच्या उसळीऐवजी आमटीत शिजवा.

एकेका डब्यात अर्धी वाटी, पाव वाटी उरलेल्या डाळी एकत्र करा. तूर, मूग, मसूर, हरभरा आणि उडीद मिळून राजस्थानी पंचमेल डाळ होते. तूप-जिऱ्याची फोडणी आणि आमचूर पुरतं. नाहीतर त्याच डाळी चार तास भिजवून आलं, मिरची घालून भरड वाटा आणि धिरडी घाला. त्यात मूठभर जाडे पोहे भिजवून वाटले तर धिरडं हलकं होतं आणि पोह्यांचाही निकाल लागतो. राजमा असेल तर तो या मिश्रणात घालू नका. राजमा स्वतंत्र भिजवून, ते पाणी टाकून, खळखळून उकळून पूर्ण मऊ शिजवावा लागतो. अर्धकच्च्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात.

भाजणी संपवायला थालीपीठ हा राजमार्ग आहेच. पण भाजणी जरा जुनी असेल, खवट मात्र नसेल, तर तिची उकडपेंडी करा. तेलात मोहरी, कांदा, मिरची, कढीलिंब परतून त्यात भाजणी खमंग भाजा. मग आंबट ताक आणि गरम पाण्याचा हबका मारत वाफ आणा. कुळथाच्या पिठाचं पिठलं कोकणी घरांना शिकवायला नको. दोन आमसुलं त्यात विसरू नका, आणि ते भाकरीइतकंच गरम भातावरही घ्या.

नाचणीच्या पिठाने पुष्कळ घरांत नुसती जागा अडवलेली असते. त्याचं आंबील करा. चार चमचे पीठ पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी शिजवून गार करा, ताक, मीठ, जिरेपूड घाला. राजस्थानात बाजरीचं पीठ ताकात शिजवून राबडी करतात. होळीनंतर येणाऱ्या शीतळाष्टमीला, म्हणजे बासोड्याला, चूल न पेटवता आदल्या दिवशी केलेलं गार जेवतात, तेव्हा हीच राबडी पानात असते. जयपूरच्या उन्हाळ्यात दुपारी ही दोन्ही पेयं जेवणाची जागा घेऊ शकतात.

उपासाच्या डब्यांसाठी एकादशीची वाट पाहू नका. उरलेला साबुदाणा आणि वरी समभाग भिजवून, उकडलेला बटाटा आणि दाण्याचं कूट घालून थालीपिठं लावा. रवा आणि शेवया एकत्र तुपात भाजून, कांदा-मटार न घालताही, नुसत्या दाण्यांचा चांगला उपमा होतो. वास उतरलेला गोडा मसाला कोरड्या कढईत मंद आंचेवर मिनिटभर परता. वास परतला तर आमटीत नेहमीपेक्षा थोडा जास्त घाला, नाहीतर निरोप द्या. मेतकूट मऊ भातावर संपतंच. दह्यात कालवून, वर फोडणी घातली की पोळीबरोबरही चालतं.

डाळ शिजत नसेल तर

जुनी डाळ आणि जड पाणी एकत्र आले की कुकरच्या कितीही शिट्ट्या कमी पडतात. बोअरच्या पाण्यातला चुना डाळीचं साल आणि गर घट्ट धरून ठेवतो. अशा डाळीला भिजवायला आणि शिजवायला आर.ओ. गाळणीयंत्राचं पाणी घ्या. अख्खं कडधान्य रात्रभर, डाळ किमान तासभर भिजवा. फारच जुनं असेल तर शिजताना चिमूटभर खाण्याचा सोडा. अधिक घातला तर साबणी चव येते. आणि चिंच, आमसूल, टोमॅटो, आमचूर काही असो, डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घाला. आंबट आधी पडलं की दाणा लवकर शिजत नाही.

दोन दिवसांचा नमुना

पहिल्या दिवशी सकाळी पंचमेल डाळ, भात, पापडाची भाजी आणि पोळी. रात्री उकडपेंडी आणि ताक. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगोडी-बटाटा, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. रात्री मिश्र डाळींची धिरडी आणि आमसुलाचं सार. चार जेवणांत निदान आठ-नऊ डबे हलले. शिजवण्याची तयारी आदल्या रात्रीच होते. झोपण्यापूर्वी ‘उद्यासाठी काय भिजवायचं?’ एवढं विचारायची सवय लावा. कांदा, बटाटा, आलं, मिरची, कोथिंबीर घरात असतातच, त्यांना बंदी नाही. मुलांच्या पानात काकडी किंवा कैरीची फोड जरूर ठेवा.

पुन्हा साचू नये म्हणून

गावाहून येताना पिठं किलोने आणू नका. अर्धा किलो भाजणी दोन माणसांना महिनाभर पुरते. डब्यावर कागदाची पट्टी लावून आणल्याचा महिना लिहा. नवं सामान आलं की जुन्यावर ओतू नका. डबा रिकामा करा, पुसा, कोरडा होऊ द्या, मग नवं खाली आणि जुनं वर. डाळी-कडधान्यांना जूनच्या कडक उन्हात एक दिवस पातळ पसरून ऊन द्या, पूर्ण गार झाल्यावरच भरा. गरम भरलं तर आत घाम धरतो. शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि पिठं मात्र उन्हात घालू नका, उन्हाने ती लवकर खवटतात. ती घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये राहू द्या. रवा आणताच कोरडा भाजून ठेवला की पावसाळाभर निर्धास्त राहता येतं. नवी डाळ तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात भरली, तर त्यातल्या किड्यांची अंडी मरतात.

आणि जे चांगलं आहे पण तुमच्या घरात कोणी खाणारच नाही, ते महिनोन्‌महिने सांभाळू नका. कुळीथ न खाणाऱ्या घरातलं कुळथाचं पीठ शेजारच्या कोकणी बिऱ्हाडात जाऊ द्या. सांगरी कशी करायची ते शेजारच्या मारवाडी भाभींना विचारा आणि त्यांना थालीपिठाची भाजणी द्या. परगावी राहणाऱ्या घरांना एकमेकांच्या चवी अशाच कळत जातात आणि शेतकऱ्याने पिकवलेला, कोणीतरी उन्हात बसून वाळवलेला जिन्नस वाया जात नाही. या आठवड्यातले भाजी न आणण्याचे दोन दिवस आजच ठरवा आणि आज रात्री एक वाटी काहीतरी भिजत घाला.